आठ जीबीचं काय करायचं?

सीताबर्डीवर आमचं कॉम्प्युटर जोडून देण्याचं दुकान आहे, आणि या सदरात एरवी तिथलेच रोजचे प्रश्न येतात: पॉवर सप्लाय आवाज करतो, प्रिंटर कागद गिळतो. परीक्षा संपल्या की मात्र टपालाचा रंग बदलतो. या वेळची निम्मी पत्रं ग्राफिक्स कार्डाच्या, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या भागाच्या, मेमरीबद्दल आहेत, म्हणून तेवढीच घेतली. प्रिंटरवाल्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात त्यांचा नंबर.

प्रश्न : ताई, २०२१ च्या शेवटी मी आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड घेतलं, ८ जीबी मेमरीचं. तेव्हा कार्डांची टंचाई होती, अव्वाच्या सव्वा पैसे मोजले. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, मॉनिटर साधा १०८०पी. सुरुवातीला डोळे झाकून सगळं अल्ट्रावर, म्हणजे चित्राच्या सगळ्यात वरच्या दर्जावर खेळलो. आता नवीन गेम टाकला की भिंती आधी धूसर दिसतात, मग हळूहळू साफ होतात. नाहीतर वळलो की झटका बसतो. कोपऱ्यात सेकंदाला फ्रेम तर ७० दाखवून राहिला. मित्र म्हणतात, कंपन्या मुद्दाम करून राहिल्या, म्हणजे आपण नवीन कार्ड घेऊ. खरं काय?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, त्रिमूर्तीनगर

उत्तर : तुझं कार्ड ठणठणीत आहे. कुणी मुद्दाम काही केलं असेल, तर ते तुझे मित्र बोट दाखवतात तिथे नाही. त्यावर शेवटी येते.

मोठ्या गेमची मेमरीची भूक ठरते कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रांवर. पीसी म्हणाल तर आमच्या एका टेबलावर चार तऱ्हेचे उघडून पडलेले असतात. प्लेस्टेशन ४ मात्र ११ कोटींहून जास्त विकलं गेलं, आणि प्रत्येकात मेमरी तेवढीच. गेम बनवणारा तो एक आकडा डोळ्यांसमोर ठेवून शहर किती मोठं, माणसांच्या कपड्यांची वीण किती बारीक, हे ठरवतो. पीसीची आवृत्ती त्यातूनच निघते.

आता तारखा बघ. एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ यांच्याकडे एकूण ५१२ एमबी होती. प्लेस्टेशन ३ मध्ये तर तीही २५६-२५६ अशी वाटून दिलेली. नोव्हेंबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले ते ८ जीबी घेऊन. एका उडीत सोळापट. त्या वेळी आमच्याकडे चांगलं कार्ड म्हणजे २ जीबीचं. लगेच काही बिघडलं नाही, कारण पहिलं वर्षभर बरेच गेम जुन्या कन्सोलवरही निघत होते. २०१४ च्या शेवटाकडे ‘शॅडो ऑफ मॉर्डर’ आला आणि त्याच्या अल्ट्रा टेक्स्चरसाठी (गेममधल्या वस्तूंवर चढवलेल्या चित्रांसाठी) ६ जीबीच्या कार्डाची शिफारस वाचून दुकानात हशा पिकला होता. पुढे तीच २ जीबीची कार्डं लोक अर्ध्या किमतीत विकायला घेऊन यायला लागले, तेव्हा कुणी हसलं नाही.

दुसऱ्या खेपेला हेच घडलं, फक्त सावकाश. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स नोव्हेंबर २०२० मध्ये आले, १६ जीबी घेऊन. पण महामारी, चिपची टंचाई. कन्सोल कुणाला मिळतच नव्हता. मग स्टुडिओंनी प्लेस्टेशन ४ ची आवृत्ती काढणं चालूच ठेवलं. ‘हरायझन फॉरबिडन वेस्ट’ आणि ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ दोन्ही २०२२ चे, आणि दोन्ही २०१३ च्या यंत्रावर चालतात. तू अल्ट्रावर खेळलास तो नेमका हा काळ. प्लेस्टेशन ४ मध्ये यंत्रणेचा वाटा वजा जाता गेमला पाच-साडेपाच जीबी मिळायचे, आणि त्यात चित्र, आवाज, हिशेब सगळंच बसवायचं. तुझ्या नुसत्या चित्रासाठीच्या ८ जीबीला ते किरकोळ होतं. २०२३ उजाडलं, स्टुडिओंनी जुन्या कन्सोलचा नाद सोडला, आणि पीसीवर एका पाठोपाठ एक गेम ८ जीबीच्या कार्डांना दमवायला लागले.

पुढचा तपशील मला फार आवडतो. तुझ्या कार्डाची मेमरी आणि प्लेस्टेशन ५ ची मेमरी सख्खी भावंडं आहेत. दोन्हीकडे जीडीडीआर६ जातीची मेमरी, दोन्हीकडे तिच्या वाटेची रुंदी २५६ बिट, दोन्हीकडे आठ चिपा, दोन्हीकडे वेग सेकंदाला ४४८ जीबी. बाजारातही दोघं एकाच हिवाळ्यात आले. फरक एवढाच की सोनीने प्रत्येक चिप २ जीबीची बसवली आणि तुझ्या कार्डावर ती १ जीबीची आहे.

मेमरी भरली की काय होतं ते सांगते, म्हणजे ७० फ्रेम दिसत असूनही झटका का बसतो ते कळेल. आमच्या दुकानाचं गोदाम इतवारीत आहे. गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि वस्तू फळीवर असेल तर हात वर केला की मिळते. नसेल तर पोराला गाडी देऊन इतवारीत पाठवा आणि तोवर गिऱ्हाइकाला पाणी विचारा. तुझ्या कार्डावरची मेमरी ही फळी, बोर्डावरची रॅम हे गोदाम. ६० फ्रेमने खेळायचं तर एका चित्राला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात कार्ड स्वतःच्या मेमरीतून कागदावर साडेसात जीबी वाचू शकतं. तुझ्या बी४५० बोर्डाचा स्लॉट, म्हणजे कार्ड बसतं ती खाच, पीसीआयई ३.० ची, सोळा लेनची, सेकंदाला साधारण १६ जीबीची. म्हणजे त्याच १७ मिलिसेकंदांत रॅममधून येणार अडीचशे-पावणेतीनशे एमबी, आणि तेही रस्ता रिकामा असेल तर. सरासरी फ्रेम चांगलीच दिसते, कारण शंभरातली पंच्याण्णव चित्रं वेळेत तयार होतात. उरलेली पाच तुला वळताना लागतात. काही गेम तर झटकाही देत नाहीत, गुपचूप हलक्या प्रतीचं टेक्स्चर लावून मोकळे होतात. त्या तुझ्या धूसर भिंती.

“पण ताई, माझा मॉनिटर तर १०८०पी आहे” असं तू म्हणशील, कारण दुकानात सगळेच म्हणतात. १०८०पीचं एक चित्र, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरून, साधारण ८ एमबीचं. ४केचं ३३ एमबीचं. गेम अशी कित्येक चित्रं मधल्या पायऱ्यांसाठी जवळ ठेवतो, तरी पडद्याच्या ठिपक्यांमुळे पडणारा फरक बहुधा काहीशे एमबीपासून एखाद-दोन जीबीपर्यंतच. खरी जागा खातात ती टेक्स्चर्स, म्हणजे भिंतीवर, दगडावर, चेहऱ्यावर चढवलेली चित्रं, आणि त्यांना तुझा मॉनिटर केवढा आहे याच्याशी देणंघेणं नाही. ४०९६ बाय ४०९६ चं एक टेक्स्चर दाबून बसवलं तरी १६ एमबी, आणि लांबून दिसायच्या त्याच्या छोट्या प्रती धरल्या की २१. एका वस्तूला रंगाचं वेगळं, उंचसखलपणाचं वेगळं, चकाकीचं वेगळं. म्हणजे एका दारासाठी साठ-पासष्ट एमबी गेले! तेच टेक्स्चर २०४८ चं केलं तर जागा एकदम पावपट होते. १९२० ठिपक्यांच्या पडद्यावर त्या दारात नाक खुपसून उभा राहिलास तरच फरक दिसेल.

म्हणून तुझा पहिला उपाय फुकटचा आहे: टेक्स्चर अल्ट्रावरून हायवर आण, बाकीचं आहे तसं ठेव. बहुतेक गेममध्ये कन्सोलची प्रत ‘हाय’च्याच आसपास असते. अल्ट्रा हा पीसीवाल्यांसाठी वर टाकलेला खाऊ आहे, आणि तो न खाल्ल्याने कुणी उपाशी राहत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशेब) बंद कर, कारण त्याला सबंध देखाव्याची वेगळी रचना मेमरीत मांडावी लागते. फ्रेम जनरेशन, म्हणजे मधली चित्रं कार्डानेच घडवणं, तेही जागा मागतं. लोक ते मेमरी वाचवायला लावतात आणि उलटंच होतं. खेळताना ब्राउझर बंद. काही नव्या गेममध्ये टेक्स्चरची पायरी म्हणजे दर्जा नसतोच, ती त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जागेचं माप असते. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’मध्ये तर तसं सरळ लिहिलंच आहे. तिथे माप एक पायरी खाली आणलं की बऱ्याचदा चित्रात काही फरक दिसत नाही आणि झटके गायब होतात.

आता मुद्दामपणाचं. काही गेम पीसीवर कच्चे आले हे खरं. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा ८ जीबीवाल्यांसाठी मधली टेक्स्चर्स बघवत नव्हती. नंतरच्या अपडेटमध्ये तीच टेक्स्चर्स कमी जागेत कितीतरी बरी दिसू लागली. म्हणजे सगळा दोष कार्डाचा नव्हता. पण माझा राग दुसरीकडे आहे. कन्सोलमध्ये १६ जीबी येणार हे २०२० च्या सुरुवातीलाच जगाला कळलं होतं. त्यानंतर आलेली ३०६० टीआय आणि ३०७०, २०२३ चं ४०६०, २०२५ चं ५०६०, सगळी ८ जीबीची. ५०० डॉलरच्या ३०७० वर ८ जीबी देणं हा व्यापार आहे, आणि तोही हातचं राखून केलेला.

नवीन घ्यायचंच झालं तर एक पथ्य पाळ. ४०६० घेऊ नकोस. मेमरी तीच ८ जीबी, वर त्या कार्डाला आठच लेन आहेत. तुझ्या जुन्या स्लॉटमध्ये तो रस्ता १६ वरून ८ जीबीवर येईल आणि मेमरी भरली की आतापेक्षा वाईट झटके खाशील. १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी सोळा लेनचं आहे, तुझ्या बोर्डाला ते सोयीचं. मात्र खोका नीट वाच, कारण त्याच नावाचं ८ जीबीचंही मिळतं. ५०६० टीआयचंही तसंच. नाव एक, खोका जवळपास एक, फक्त कोपऱ्यातला आकडा वेगळा. आणि खरं सांगू? तुझ्या जागी मी असते तर हायवर खेळत डिग्री पूर्ण केली असती.

प्रश्न : मुलगा बारावी देऊन घरी बसला आहे. म्हणतो, पीएस५ मध्ये १६ जीबी आहे म्हणून मलाही १६ जीबीचंच ग्राफिक्स कार्ड लागेल, त्याहून कमी घेणं म्हणजे पैसे पाण्यात. यांचं म्हणणं, तेवढ्या पैशात तो कन्सोलच येतो, मग कार्ड कशाला? आम्हा दोघांनाही यातलं काही कळत नाही. मुलगा खरं बोलतोय का?
— एक आई, मानेवाडा

उत्तर : आकडा खरा आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष ओढूनताणून आहे. पोट्ट्यांना यात जन्मजात हातखंडा असतो.

पीसीमध्ये दोन मेमऱ्या असतात: बोर्डावरची रॅम वेगळी आणि ग्राफिक्स कार्डावरची वेगळी. कन्सोलमध्ये एकच. त्या १६ जीबीतून आधी कन्सोलची स्वतःची यंत्रणा आपला हिस्सा काढून घेते. सिरीज एक्समध्ये गेमला साडेतेरा जीबी उरतात. पीएस५ मध्ये साधारण साडेबारा धरतात. त्यातही सगळं चित्रासाठी नाही. शत्रू कुठून येणार, गोळी कुठे लागली, पावसाचा आवाज, माणसांच्या हालचाली, सगळं तिथेच. पीसीमध्ये हा सगळा पसारा साध्या रॅममध्ये राहतो आणि कार्डावर मुख्यतः चित्राचंच सामान असतं. म्हणून कन्सोलच्या १६ ची बरोबरी करायला कार्ड १६ चं लागत नाही. कन्सोलच्या दर्जाने खेळायचं असेल तर १२ जीबीचं कार्ड आणि बोर्डावर १६ जीबी रॅम यात आजचे बहुतेक गेम आरामात बसतात. मायक्रोसॉफ्टने तर सिरीज एक्समध्ये ही विभागणी जवळपास लिहूनच ठेवली आहे: १० जीबी वेगवान, सेकंदाला ५६० जीबीची, उरलेली ६ जीबी ३३६ ची. चित्राचं सामान वेगवान भागात ठेवावं ही अपेक्षा.

मुलाच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, तो मी लपवणार नाही. पीएस५ ची एसएसडी सेकंदाला साडेपाच जीबी कच्चा माल वाचते, आणि तो उलगडून द्यायला वेगळं हार्डवेअर आत बसवलेलं आहे. त्यामुळे कन्सोलवरचा गेम पाठीमागचं सामान फेकून देऊन पुढचं ऐनवेळी आणू शकतो. पीसीवर गेम बनवणाऱ्याला माहीत नसतं की समोरच्याकडे कोणती डिस्क आहे. साधी साटा एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीवर अडते, म्हणजे दहावा हिस्सा. मग तो सावधगिरी म्हणून जास्त सामान आधीच मेमरीत भरून ठेवतो. पीसीला थोडी जास्त मेमरी लागते ती यामुळे. डायरेक्टस्टोरेज नावाची सोय हे अंतर कमी करायला आली. ‘रॅचेट अँड क्लँक : रिफ्ट अपार्ट’ने २०२३ मध्ये ती नीट वापरली. पण अजून ती मोजक्याच गेममध्ये आहे. तेव्हा कार्डावर शंभर टक्के खर्च करण्याआधी एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जातीची, एसएसडी आहे का, ते बघा.

कन्सोल की पीसी, हे मी ठरवून देणार नाही. एवढं मात्र विचारात घ्या की मुलगा इंजिनिअरिंगला जाणार असेल तर पीसी घ्यावा लागणारच आहे, आणि पीएस५ चा मोठा नवा गेम पाच हजारांच्या घरात येतो. यांना हेही सांगा की कन्सोलला टीव्ही लागतो आणि तो टीव्ही तुमच्या दिवाणखान्यातला असेल. रात्रीच्या बातम्यांचं काय, ते त्यांनीच ठरवावं.

प्रश्न : ३०६० हे स्वस्त कार्ड, त्याला १२ जीबी. ३०६० टीआय महाग, त्याला ८. दुकानदारांना विचारलं तर हसतात. हे उलटं काहून?
— सदर

उत्तर : मीही हसले असते, पण कारण सांगून. मेमरीच्या प्रत्येक चिपला ३२ बिटची वाट लागते. ३०६० ला १९२ बिटची वाट दिली, म्हणजे सहा चिपा. त्या काळात चिप मिळायची १ जीबीची नाहीतर २ जीबीची. सहा एके सहा किंवा सहा दुणे बारा. मधलं काही नाही. २०२१ मध्ये ६ जीबी लाजिरवाणे वाटले असते, म्हणून १२. टीआयला २५६ बिट, आठ चिपा: आठ किंवा सोळा. १६ दिले असते तर वरच्या महाग कार्डाचा मान राहिला नसता, म्हणून आठ. मनाला येईल तो आकडा यात बसवताच येत नाही.

नुसत्या ताकदीत टीआय बरंच पुढे आहे. पण मेमरी भरणारा गेम लावा, अल्ट्रा टेक्स्चर ठेवा, आणि स्वस्त भावंड गुळगुळीत चालताना दिसेल. जुन्या बाजारात ३०६० चा भाव का टिकून राहिला ते यावरून कळेल.

याच हिशेबाच्या जोरावर परदेशात काही हौशी कारागिरांनी ३०७० वरच्या १ जीबीच्या आठ चिपा उतरवून २ जीबीच्या बसवल्या आणि १६ जीबीचं कार्ड चालवून दाखवलं. व्हिडिओ बघून लोक आमच्याकडे कार्ड घेऊन येतात. मी हात जोडते. चिप उतरवायला लागणारी उष्णता, खालचे शेकडो बारीक टाके, आणि शेवटी कार्ड चालू झालं नाही तर तुमचा चेहरा मला बघायचा नाही.

प्रश्न : मॅडम, आफ्टरबर्नर (कार्डाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं. ८ जीबीपैकी ७.६ जीबी कायम भरलेली दिसते, जुन्या गेममध्येसुद्धा. उन्हाळ्यात कार्ड ८० अंशांच्या वर जातं. मेमरी भरल्याने तापतंय का? कूलर कॅबिनेटकडे फिरवून ठेवला आहे.
— नोकरदार, हिंगणा रोड

उत्तर : आधी कूलर दुसरीकडे फिरवा, मग पुढचं वाचा. वाळ्याच्या पडद्यातून येणारी हवा गार असते तशी ओलीही असते. ती थेट कॅबिनेटमध्ये गेली की धूळ चिकटते आणि स्लॉटवर गंज धरतो. मे महिन्यात नागपुरात खोलीच चाळीशीला टेकते, तिथे कार्ड ८० ला गेलं तर त्यात नवल नाही. कॅबिनेटची बाजूची जाळी साफ करा, मागून गरम हवा बाहेर जाईल एवढी भिंतीपासून जागा ठेवा.

मेमरी भरलेली असल्याने कार्ड तापत नाही. आणि तो ७.६ हा आकडा गरजेचा नाही, गेमने अडवून ठेवलेल्या जागेचा आहे. पुष्कळ गेम मोकळी जागा दिसली की पुढे लागेल म्हणून सामान आणून ठेवतात. तोच गेम ६ जीबीच्या कार्डावर साडेपाच दाखवेल आणि तितकाच चांगला चालेल. तुमच्याकडे झटका नाही, धूसरपणा नाही, तर आकड्याकडे बघू नका. तपासायचंच असेल तर टेक्स्चर एक पायरी खाली आणा. खेळण्यात फरक पडला तर मेमरी कमी पडत होती, नाही पडला तर नव्हती. आफ्टरबर्नर बंद करून खेळलात तर गेमही दिसेल.

प्रश्न : माझ्या गेमिंग कॅफेत सगळ्या मशीनवर जीटीएक्स १६५०, ४ जीबी. पोरं व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक आणि जीटीए ५ खेळतात. सगळे म्हणतात ४ जीबीचा जमाना गेला. बदलू का?
— कॅफेमालक, नंदनवन

उत्तर : नका बदलू, दादा. जीटीए ५ मुळात २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर निघाला, ५१२ एमबीच्या यंत्रांवर. पीसीवर त्याला नटवून आणलं तरी हाडं तीच आहेत. व्हॅलोरंट तर साध्या मशीनवर चालावा म्हणूनच बनलेला. तुमचं गिऱ्हाईक जे खेळतं ते ४ जीबीत मावतं. पैसे खर्चायचेच असतील तर जास्त हर्ट्‌झचे मॉनिटर आणि बऱ्या खुर्च्या घ्या.

जीटीए ६ आला की काय करायचं, हे तुम्ही पुढच्या पत्रात विचारणार. तो जाहीर झाला आहे पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एससाठी; पीसीची घोषणाच झालेली नाही. जो गेम पीसीवर नाही त्याच्यासाठी आज कार्डं घेऊन ठेवायची आणि तोवर ती जुनी होऊ द्यायची, हा धंदा नव्हे. आणि तो सिरीज एसवर, म्हणजे सिरीज एक्सच्या धाकट्या भावंडावरही येणार आहे एवढं लक्षात ठेवा. का, ते खालच्या पत्रात वाचा.

प्रश्न : माझ्याकडे एक्सबॉक्स सिरीज एस आहे. पीसीवाले मित्र म्हणतात, तुझ्या डब्यामुळे सगळ्या जगाचे गेम मागे राहिलेत. त्यातल्या दोघांकडे ८ जीबीची कार्डं आहेत. त्यांना काय उत्तर देऊ?
— कामठी

उत्तर : त्यांना म्हण, आधी मला चहा पाजा.

सिरीज एसमध्ये एकूण १० जीबी आहे. त्यातली ८ जीबी सेकंदाला २२४ जीबीच्या वेगाची आणि उरलेली २ अगदीच सुस्त, ५६ ची, ती यंत्रणेच्या कामी येते. म्हणजे गेमला मिळतात ते जेमतेम ८ जीबी, चित्र-आवाज-हिशेब सगळं मिळून. स्टुडिओंची यावर इतकी कुरकुर झाली की २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने यंत्रणेच्या वाट्यातून आणखी काहीशे एमबी काढून दिली. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३ मध्ये पीसीवर आला, पण एक्सबॉक्सवर यायला डिसेंबर उजाडला, कारण दोघांनी एका पडद्यावर खेळायची सोय एसच्या मेमरीत बसेना. शेवटी एसवर ती सोय वगळूनच गेम काढला. तेव्हा मित्रांची तक्रार सरसकट खोटी नाही.

पण मायक्रोसॉफ्टची अट अशी की सिरीज एक्सवर गेम काढायचा तर तो एसवरही चालला पाहिजे. या अटीमुळे एक्सबॉक्सवर येणाऱ्या प्रत्येक मोठ्या गेमच्या स्टुडिओला, मनात असो वा नसो, साधारण ८ जीबीत सगळं मावेल अशी एक टेक्स्चरची प्रत तयार करावीच लागते. पीसीच्या मेनूत जे ‘मीडियम’ आणि ‘हाय’ दिसतं त्यातलं बरंचसं त्याच कष्टाचं फळ आहे. उद्या एस बंद झाला तर ती प्रत बनवायला कुणाला कारण उरणार नाही, आणि ८ जीबीच्या कार्डाला पहिला फटका बसेल. जे गेम फक्त प्लेस्टेशन ५ साठी लिहिले गेले आणि मागून पीसीवर आले, त्यांनी ८ जीबीवाल्यांचे हाल जास्त केले, हेही मित्रांना दाखव. त्या गेमना एसमध्ये मावायची सक्तीच नव्हती. आता निन्टेंडो स्विच २ ला १२ जीबी मेमरी आहे आणि त्यातली ९ गेमला मिळते. ज्या स्टुडिओंना तिथेही विकायचंय त्यांना छोटी प्रत बनवण्याचं आणखी एक कारण मिळालं.

माझा अंदाज विचारशील तर, पुढची प्लेस्टेशन आली तरी पहिली दोन वर्षं आताच्या कन्सोलची आवृत्ती निघत राहील. विकलेली यंत्रं सोडून कुणी धंदा करत नाही. तोवर ८ जीबीवर हायने खेळता येईल, १२ वर निवांतपणे, आणि १६ वाल्याने उगाच इतरांना हिणवू नये. २०१३ ची उडी सोळापट होती, २०२० ची दुप्पट. मेमरी स्वस्त होण्याचा वेग मंदावला आहे, तेव्हा सोळापटीची उडी पुन्हा येईल असं मला वाटत नाही.

तुझ्या डब्याला एकच सांगणं: ५१२ जीबीची एसएसडी लवकर भरते. जागेचं कार्ड घेणार असशील तर एक्सबॉक्सचंच घे. साध्या यूएसबी डिस्कवर नवे गेम साठवता येतात, तिथून खेळता येत नाहीत.